पाहुणे आले आणि खंड्याची गादी गॅलरीत गेली

प्रश्न : आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावरील टू बीएचके फ्लॅटमध्ये राहतो. घरात मी, यजमान, सासूबाई, दहा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा खंड्या नावाचा गावठी कुत्रा. तो दोन महिन्यांचा असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. नाव सासूबाईंनीच ठेवले. यंदा गौरी-गणपतीला नागपूरहून नणंदबाई, त्यांचे यजमान आणि पाच वर्षांचा मुलगा आठवडाभरासाठी आले होते, शिवाय दर्शनाला येणाऱ्यांची रोजची ये-जा होती. मखरासाठी हॉलमधला कोपरा मोकळा केला आणि खंड्याची गादी गॅलरीत हलवली. पहिल्या दिवसापासून तो प्रत्येक बेलला भुंकत होता, आरतीच्या वेळी रडल्यासारखा ओरडत होता आणि दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत होता. गौरीजेवणाच्या दिवशी भाचा पुरणपोळी हातात घेऊन टेबलाखाली शिरला, तेव्हा खंड्या आधी गुरगुरला आणि मग त्याच्या अंगावर धावून गेला. दात शर्टाच्या बाहीला लागला, जखम झाली नाही. यजमानांनी त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीने मारले आणि बाथरूममध्ये कोंडले. रात्री सोडल्यावर त्याने थेट जावयांच्या बॅगेवर लघवी केली. नणंदबाई दुसऱ्याच दिवशी निघून गेल्या आणि आता कळवतात, की तो घरात असेपर्यंत भाऊबीजेला येणार नाही. जावई म्हणतात, की शेपूट हलवत हलवत तो धावून आला, म्हणजे लबाड आहे. सासूबाई त्याला दिंडोरीजवळ मामेसासऱ्यांच्या मळ्यावर सोडायला सांगतात. मखर उतरल्यावर त्या कोपऱ्यात नवे शोकेस आले आहे, त्यामुळे तो अजून गॅलरीतच असतो. त्याने डूख धरला आहे का? तो धोकादायक झाला आहे का? त्याला मळ्यावर पाठवावे का? त्याला बोलता आले असते तर त्याने काय सांगितले असते, असे मुलगी रोज विचारते.
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : मी तुमच्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत. मात्र खंड्याच्या तोंडी माणसाची वाक्ये घालायचे मी टाळणार आहे. आपण कुत्र्यांच्या तोंडी आपली वाक्ये घालतो, म्हणूनच ‘त्याने डूख धरला’ आणि ‘तो लबाड आहे’ अशी निदाने घराघरांत होतात, आणि पशुवैद्यक म्हणून इतकी वर्षे काम करताना अशा निदानांपायी घर सुटलेली धडधाकट कुत्री मी बरीच पाहिली आहेत. त्यापेक्षा तो आठवडा त्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण आपल्या गुडघ्याच्या पातळीवरून, आणि डोळ्यांपेक्षा नाकाकानांनी कसा गेला असेल, ते आपण पाहू.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सर्वांत घाईने लिहिले आहे. मखरासाठी कोपरा मोकळा केला आणि गादी गॅलरीत हलवली, असे ते वाक्य. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार वीस ते तीस कोटी. तीन वर्षे एकाच जागी टाकलेली गादी आपल्या दृष्टीने एक मळकट वस्तू असते. त्याच्या दृष्टीने मात्र घरात स्वतःचा वास सर्वांत दाट साचलेली, म्हणून सर्वांत निर्धास्त अशी ती एकमेव जागा होती. एका सकाळी ती जागा नाहीशी झाली आणि तिथे पुठ्ठा, ताजा रंग, कापूर, धूप आणि हाराफुलांचा वास आला. मखराची शोभाही त्याच्यापर्यंत पोहोचण्याजोगी नव्हती, कारण कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग ओळखता येत असला तरी तांबड्या रंगाचे त्यांना बहुधा मळकट तपकिरीच दिसते. म्हणजे तुमच्या घरात सजावट झाली, आणि त्याच्या घरात एक खोली कमी झाली.

आता बेलचे पाहू. इव्हान पाव्हलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनसंस्थेवरील संशोधनासाठी. पण त्याच कामातून पुढे हे उमगले, की अन्नाआधी नेमाने होणारा एखादा आवाजही कालांतराने कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणतो. तुमच्या दाराची बेल हा असाच एक आवाज आहे. एरवी ती दिवसातून चार-पाच वेळा वाजत असेल आणि प्रत्येक वेळी तिच्यामागे एखादे ओळखीचे पाऊल असेल : दूधवाला, कामाच्या मावशी, शाळेतून येणारी मुलगी, ऑफिसातून येणारे यजमान. गणपतीत ती वाजतच राहिली आणि तिच्यामागे कोण असेल याचा नियम मोडला. त्यातच बेल वाजली रे वाजली, की घरातले कोणीतरी लगबगीने उठून, ‘या या, आलात का’ असे मोठ्याने बोलत दाराकडे धावते. कुत्र्याच्या हिशेबाने आपणही भुंकतच दाराकडे जात असतो. तो आपल्याला सामील होतो इतकेच.

दारात आलेला पाहुणा मग काय करतो? तो समोरून सरळ चालत येतो, डोळ्यांत डोळे घालून पाहतो, वाकतो आणि डोक्यावरून हात फिरवायला जातो. आपल्यात हे कौतुक आहे. कुत्र्यांच्या रीतीत हा चक्क उद्धटपणा आहे, कारण अनोळखी कुत्र्याला भेटणारे सभ्य कुत्रे बाजूने, अर्धवर्तुळात, नजर चुकवत येते आणि आधी वास घेते. निरोपाचे तर विचारूच नका. आपल्याकडे पाहुणा ‘निघतो’ म्हणाल्यापासून खरोखर निघेपर्यंत अर्धा तास जातो. एकदा सोफ्यावरून उठणे, एकदा हळदीकुंकवासाठी परत बसणे, मग चपला घालून उंबऱ्यात उभ्याने राहिलेली सगळी बातमी सांगणे. दारातला माणूस एकतर येतो किंवा जातो, एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने तोच माणूस तीनदा आला आणि तीनदा गेला. दरवाजावर नजर ठेवणे हे आपले काम आहे असे मानणाऱ्या गावठी कुत्र्याला याचा किती शीण होत असेल, याचा विचार आपण करत नाही.

आरतीबद्दल थोडक्यात सांगते. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. बंद हॉलमधल्या झांजा आणि घंटा यांचे जे उंच, बारीक स्वर आपल्याला जाणवतही नाहीत, ते त्याच्या कानांवर आदळत असतात. तो रडत नव्हता, आणि काही घरांत कौतुकाने म्हणतात तसा आरतीत सूरही मिसळत नव्हता. मुलीने आरतीच्या पंधरा मिनिटांत त्याला खाली फिरवून आणले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

याहून मोठी गोष्ट झोपेची आहे. निरोगी प्रौढ कुत्रा दिवसरात्रीतला निम्मा वेळ किंवा त्याहून अधिक झोपेत काढतो, आणि त्यातला बराच भाग दुपारचा असतो, घर शांत असताना. तुमच्या घरी त्या आठवड्यात शांत दुपार एकही नव्हती. त्याचे सकाळचे फिरणे लांबले असणार, जेवणाची वेळ पाहुण्यांच्या पंगतींमागे गेली असणार, आणि रात्री गॅलरीत, रस्त्यावरच्या ढोलताशांच्या सरावाला आणि मिरवणुकांना सामोरे तोंड करून त्याला झोपायला लागले असणार. चार रात्री न झोपलेला माणूस पाचव्या दिवशी कसा बोलतो, हे आपण सर्वांनी लग्नघरांत पाहिलेले आहे.

या पार्श्वभूमीवर तुम्ही लिहिलेल्या येरझारा मी पुन्हा वाचल्या. लहान मूल मागे लागले की कुत्रा सर्वांत आधी जे करतो ते म्हणजे निघून जाणे. तो हॉलमधून उठून खोलीत गेला असेल, तिथे मूल आल्यावर पलंगाखाली, तिथून ओट्यापाशी, तिथून पुन्हा हॉलमध्ये. घरच्यांना हे नुसते फिरणे वाटले. खंड्याच्या बाजूने ती एकच गोष्ट दिवसभर नम्रपणे सांगणे होते, की मला एकट्याला राहू द्या. टेबलाखालची जागा ही त्या दिवशी उरलेली शेवटची जागा असावी. तिथे समोरून मूल आले, त्याचा चेहरा कुत्र्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर, हातात तूप लावलेली पोळी, दोन्ही बाजूंना खुर्च्यांचे आणि माणसांचे पाय, मागे भिंत. जाण्याची वाट संपली, म्हणून आवाज आला.

तुरिद रुगास या नॉर्वेच्या प्रशिक्षिकेने कुत्र्यांच्या अशा मूक बोलण्याला ‘शांत करणारे संकेत’ असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. मान वळवणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाणे नसताना नाक-ओठ चाटणे, जमिनीचा वास घेत राहणे, पाठ करून बसणे, हे ते संकेत. ते कोणी वाचले नाहीत तर कुत्रा एकदम ताठरतो, हालचाल थांबवतो, डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसू लागते. त्यानंतर गुरगुरणे, त्यानंतर हवेत दात वाजवणे आणि सर्वांत शेवटी चावा. खंड्या शेवटच्या पायरीच्या अलीकडे थांबला. साडेतीन वर्षांच्या तल्लख कुत्र्याचा हातभर अंतरावरचा नेम सहसा चुकत नाही. त्याला दंड धरायचा असता तर बाही फाटून निभावले नसते. एवढ्या शिणलेल्या अवस्थेतही त्याने स्वतःला आवरले, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

मात्र तुम्ही निश्चिंत व्हावे असे मी म्हणणार नाही, आणि याचे कारण तो धावून गेला हे नसून त्याला गुरगुरण्याबद्दल मार बसला हे आहे. ही चूक मीही केलेली आहे. आमच्याकडे पूर्वी एक काळी कुत्री होती. ती गुरगुरली की मी दरडावत असे, आणि दोन वर्षांत ती इतकी शांत झाली की येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे मी तिचे कौतुक करू लागले. घरात एका बारशाच्या दिवशी, पाळण्याशेजारी गर्दीत बसलेली असताना, कोणीतरी तिच्या शेपटीवर पाय दिला आणि कसलाही आवाज न करता तिने माझ्या मावसबहिणीचा हात फोडला. मी तिचा राग काढून घेतलेला नव्हता, फक्त ती रागावली आहे हे कळण्याची सोय काढून घेतली होती. गुरगुरणे हा कुत्र्याच्या भाषेतला सभ्य शब्द आहे, आणि तो ऐकून आपण मुलाला बाजूला घेतले पाहिजे. यजमानांना हे तुम्ही समजावून सांगावे. त्यांचा त्या क्षणीचा संताप स्वाभाविक होता, कारण भाचा बहिणीचा होता आणि बहीण समोर होती. पण पुढच्या वेळी खंड्याने गुरगुरण्याची पायरी गाळली तर त्याचे मूळ त्या सुरळीत असेल.

शेपटीबद्दल जावयांचा गैरसमज फार सार्वत्रिक आहे. हलणारी शेपटी म्हणजे आनंद नव्हे; ती केवळ मन खवळल्याची खूण आहे, बऱ्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही. इटलीतील बारी येथील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की मालक दिसल्यावर कुत्र्यांच्या शेपटीचा झोका त्यांच्या उजवीकडे अधिक जातो आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. घरात कोणी शेपटीचे कोन मोजत बसावे असे मी सुचवत नाही. सैल कमरेसह रुंद हलणारी शेपटी आणि ताठ उभी राहून नुसते टोक थरथरणारी शेपटी, एवढा फरक ओळखता आला तरी पुरे.

राहिली बॅग. नागपूर ते नाशिक असा रात्रभरचा प्रवास करून आलेली बॅग म्हणजे फलाटांचे, डब्याचे, असंख्य पायांचे आणि एका अनोळखी घराचे वास घेऊन आलेली वस्तू. स्वतःच्या वासाची जागा गमावलेल्या, नुकताच मार खाल्लेल्या आणि काही तास कोंडून राहिलेल्या कुत्र्याने घरातल्या सर्वांत परक्या वस्तूवर स्वतःचा वास टाकला. ही भीतीची आणि घर पुन्हा आपले करून घेण्याची खटपट आहे. दुपारचा अपमान लक्षात ठेवून रात्री नेमकी जावयांची बॅग शोधणे, इतका लांबचा बेत कुत्रा आखत नाही. डूख धरणे ही कला आपण सापाच्या नावावर खपवली असली तरी ती मुळात माणसाची आहे.

तेव्हा तो दुष्ट नाही. तो पुढे धोकादायक ठरू शकतो का, तर ज्या परिस्थितीत त्याला ठेवले होते तिथेच पुन्हा ठेवले तर ठरू शकतो. आधी त्याला तुमच्या पशुवैद्यकाकडे न्या आणि झालेली हकीगत जशीच्या तशी सांगा. एरवी सोशिक असलेला कुत्रा अचानक चिडू लागला तर कान पिकणे, दात दुखणे, सांध्यांचे दुखणे यांची तपासणी करावी लागते, आणि पावसाळ्यात व त्यानंतर आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप फार आढळतो. त्यासाठी रक्ततपासणी लागेल. त्याच भेटीत रेबीजच्या लसीची तारीख पाहून घ्या, ती दरवर्षी देण्याची आपल्याकडे रीत आहे.

भाच्याच्या हातावर साधा ओरखडाही नव्हता ना, हे नणंदबाईंना मोकळेपणाने विचारून घ्या. असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा, जरी चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला की त्या प्रसंगातून रेबीज झाल्याची शंका मिटते आणि खंड्या तर आज कित्येक आठवड्यांनंतर ठणठणीत आहे. पुढे कधीही, कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा नख त्वचेला लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्रा आपला आहे, लस घेतलेला आहे, दहा दिवस वाट पाहू, असे म्हणून थांबू नये.

मळ्याच्या बाबतीत मी सासूबाईंशी असहमत आहे, आणि त्यांना हे सांगताना तुम्ही माझे नाव खुशाल पुढे करा. मळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोकळे रान येते. त्याच्या बाजूने तिथे सर्व वास परके असतील, आधीपासून राखणीला असलेली कुत्री त्याला सीमेत घेणार नाहीत, आणि तीन वर्षे तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या त्याला ट्रॅक्टर, विहीर, विंचू-साप यांतले काहीच ठाऊक नाही. शिवाय तुमच्या जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला होता. रात्री बाहेर बांधलेला नवखा कुत्रा ही बिबट्याची सर्वांत सोपी शिकार आहे. आणि तुमची दहा वर्षांची मुलगी या सगळ्याकडे पाहते आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता भाऊबीज. दिवाळीत ती सर्वांत शेवटी येते, म्हणजे तोवर खंड्याच्या चार-पाच रात्री फटाक्यांत गेलेल्या असतील. त्याच्यासाठी हा वर्षातला सर्वांत वाईट दिवस आहे, आणि नेमक्या त्याच दिवशी रुसलेल्या नणंदेशी त्याचा समेट घडवायचा अट्टहास तुम्ही करू नये. यंदा ओवाळणी सकाळी करा आणि त्या दोन-तीन तासांत खंड्याला सासूबाईंच्या खोलीत, पंखा लावून, दार बंद करून, चघळायला काही देऊन ठेवा. नणंदबाई मुक्कामाला राहणार असतील तर त्या खोलीच्या दाराला कमरेइतक्या उंचीचे जाळीचे फाटक सुताराकडून करून घ्या. पलीकडून त्याला घर दिसावे, वास यावा आणि पलीकडचे मूल आत येऊ शकू नये. हे फाटक कुत्र्याला अडवण्यासाठी नसून भाच्याला अडवण्यासाठी आहे, असे त्या मुलाला स्पष्ट सांगितले तर तो ते अधिक चांगले पाळतो, हा माझा अनुभव आहे. अनोळखी श्वानगृहात त्याला पहिल्यांदाच दिवाळीत ठेवू नका. फटाक्यांचे त्याला फार भय वाटत असेल तर त्यावर पशुवैद्यक औषध देऊ शकतात; घरातल्या माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देण्याचा प्रयोग मात्र कृपा करून करू नका.

तुमच्या हातात असलेल्या दिवसांत बेलची तालीम करा. मुलीला हे काम आवडेल. बेलचा आवाज मोबाइलवर टिपून अगदी बारीक आवाजात वाजवावा, त्याच क्षणी खंड्याच्या गादीवर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा एक लहान तुकडा ठेवावा, आणि हे एका वेळी पाच-सहाच वेळा, दिवसातून दोनदा करावे. तो आवाजासरशी स्वतःहून गादीकडे वळू लागला की आवाज थोडा वाढवावा, मग मुलीने खरोखर बाहेर जाऊन बेल दाबावी. पाव्हलोव्हच्या कुत्र्यांना जे जमले ते खंड्याला जमेल. अडचण आली तर ती ‘आता दारच उघडू दे’ असे म्हणणाऱ्या घरच्या मोठ्यांची येईल.

भाचा आणि तो यांची पुढची भेट घरात नको. दिवाळीनंतर, शाळेच्या एखाद्या सुट्टीत, नणंदबाई तयार असतील तेव्हा, सोसायटीच्या बाहेर रस्त्याच्या दोन कडांनी दोघांनी समांतर चालावे; खंड्याचा पट्टा यजमानांच्या हातात असावा आणि मुलाचा हात त्याच्या आईच्या. वीस मिनिटे कोणीही कोणाला हात लावू नये. मग घरी आधी माणसांनी जावे, त्यांच्यामागून खंड्याने. मुलाला ‘झाड होण्याचा’ खेळ शिकवावा : कुत्रा जवळ आला की हात अंगाशी, पाय जमिनीत, नजर स्वतःच्या बोटांवर. आणि तरीही, कितीही गट्टी झाली तरी, पाच वर्षांचे मूल आणि कुत्रा यांच्यापाशी एक मोठे माणूस नुसते घरात नव्हे तर त्याच खोलीत, लक्ष देऊन असले पाहिजे. त्या दोघांची मैत्री झालीच पाहिजे असा आग्रह मी धरणार नाही. दत्ताच्या तसबिरीत पाहा, चारही कुत्री पायांशी आपापल्या जागी आहेत आणि त्यांना कुरवाळायला कोणीही पुढे सरसावलेले नाही.

पाहुण्यांच्या हातून कुत्र्याच्या पोटात जाणाऱ्या पदार्थांविषयी एक सूचना द्यायलाच हवी. सुकी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही कथा आपल्याला इतकी प्रिय आहे, की प्रत्येक पाहुणा थोडा वेळ नामदेव होऊ पाहतो. तूप थापलेली पुरणपोळी आणि तळणीचे पदार्थ कुत्र्याच्या स्वादुपिंडाला दाह आणू शकतात, चॉकलेट हे त्याच्यासाठी विष आहे, शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि कांदा-लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, मग तो कांदा भज्यातला असो की चिवड्यातला. दाराशीच सांगून टाका, की याला कोणी काही घालू नये, डॉक्टरांनी मना केले आहे. डॉक्टरांवर ढकलले की कोणाला वाईट वाटत नाही.

नणंदबाईंना फोन तुम्ही करू नये, यजमानांनी करावा, कारण रुसवा भावावर आहे. त्यात खंड्याची वकिली नको. ‘मुलाला आम्ही सांभाळायला हवे होते, कुत्र्यालाही आम्ही सांभाळायला हवे होते, दोन्ही राहून गेले’ असे त्यांनी म्हणावे. ते खरेही आहे. नंतर फाटकाविषयी आणि सकाळच्या ओवाळणीविषयी सांगावे. यंदा त्या आल्या नाहीत तर यजमानांनी नागपूरला जाऊन ओवाळून घ्यावे. भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जाणे हीच तर मूळची रीत आहे.

सासूबाईंचा प्रश्न मला त्याहून नाजूक वाटतो. ज्यांनी त्याला नाव दिले, त्यांनाच तो आता नकोसा झाला आहे, याचे कारण कदाचित त्यांच्या लेकीचा झालेला अपमान आहे. त्यांना तत्त्वज्ञान सांगू नका. दुपारची त्याची भाकरी त्यांच्या हातून पडेल अशी व्यवस्था करा आणि आठ-दहा दिवस काही बोलू नका.

आणि शोकेस दुसऱ्या भिंतीला सरकवा. गादी आजच गॅलरीतून आणून तिच्या जुन्या कोपऱ्यात टाका, पण अभ्रा इतक्यात धुऊ नका.